मनू, तू विचारलंस ना, आम्ही खोटं वागतो का

मनू,

मामानं फॅमिली ग्रुपवर बोरीच्या बाराचा व्हिडिओ टाकला, तो तू परत परत बघितलास आणि मग मला विचारलंस, "आई, या सगळ्या आज्या भर रस्त्यात एकमेकींना शिव्या देतायत, पोलीस पण नुसते उभे आहेत, कोणीच कोणाला ओरडत नाहीये. मग तू आणि बाबा आमच्यासमोर कधीच शिवी देत नाही ते का? मामाशी फोनवर बोलताना तर तू देतेस, मी ऐकलंय. मग आमच्यासमोर तुम्ही खोटं वागता का?"

तेव्हा छोटू बाजूलाच होता म्हणून मी नंतर सांगते म्हटलं. आता लिहितेय. "खोटं" हे मला लागलं गं, म्हणजे तुझा राग नाही आला, पण दिवसभर डोक्यात तेच होतं, ट्राममध्ये पण तेच.

तुला तुझी पणजी, म्हणजे माझी आजी, फक्त हॉलमधल्या फोटोतली माहितीय, नऊवारी, मोठं कुंकू, गंभीर चेहरा. ती तशी नव्हतीच. लोणंदच्या घरात सकाळी सगळ्यात आधी तिचा आवाज यायचा आणि त्यातला अर्धा भाग शिव्यांचा असायचा. म्हशीनं पाय झाडला की म्हशीला, नळाला पाणी नाही आलं की नळाला, एसटी चुकली की एसटीला आणि आम्हा पोरांना तर सतत. मामा उन्हातनं खेळून आला की "कुठं उलथला हुतास रं मुडद्या, भाकरी गार झाली की" आणि हे म्हणता म्हणता ती त्याच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत असायची. मला "भवाने" म्हणायची, वेणी घालताना केस ओढले गेले आणि मी रडले की "रड मेले, उवा झाल्यावर मग रड". आम्हाला कधी वाटलंच नाही की ती रागावलीये. उलट ज्या दिवशी ती गप्प असायची किंवा अगदी नीट, सावकाश बोलायची त्या दिवशी आम्ही सगळे टरकून असायचो, काहीतरी खरंच बिनसलंय हे कळायचं.

आणि तिचं माहेर सुखेड. म्हणजे व्हिडिओत ओढ्याच्या पलीकडच्या काठावर ज्या बायका दिसतात ना, त्यांच्यातली ती. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधून ओढा, आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर येऊन एकमेकींना हात नाचवून नाचवून शिव्या देतात. हाच बोरीचा बार. का करतात याच्या गोष्टी वेगवेगळ्या सांगतात, पाटलाच्या दोन बायका होत्या आणि त्या ओढ्यावर भांडल्या अशी एक गोष्ट आहे, आजी म्हणायची बार नाही घातला तर पाऊस पाठ फिरवतो. मी काही तुला ते पटवायला बसले नाहीये, मला स्वतःला त्या गोष्टीपेक्षा आजी जास्त आठवते.

मी लहान असताना ती मला घेऊन जायची. श्रावणातलं ऊन-पाऊस, चिखल, हलगीचा आवाज लांबूनच यायचा, आदल्या दिवशी भरलेल्या नव्या बांगड्या सगळ्यांच्या हातात. आणि माझी आजी, जी वर्षभर सासरच्या मोठ्या माणसांसमोर डोक्यावरचा पदर खाली पडू द्यायची नाही, दीर ओसरीवर बसले असतील तर मागच्या दारानं जायची, ती तिथं पदर खोचून, हात वर करून, घसा फोडून ओरडायची. काय काय ओरडायची ते मी इथे लिहिणार नाही, तू मोठी झालीस की मामीला विचार. पण तिचा चेहरा बघितला असतास तू. हसत होती गं ती. पलीकडच्या बाईनं काहीतरी भारी उत्तर दिलं की ही आणखी हसायची आणि आणखी मोठ्यानं द्यायची. मला तिचा इतका मोकळा चेहरा दुसऱ्या कुठल्या सणाला बघितलेला आठवत नाही, दिवाळीत पण नाही. दिवाळीत ती चुलीपुढेच असायची.

म्हणजे बघ, शिव्या ऐकतच मी मोठी झाले आणि त्यानं माझं काही बिघडलं असं मला नाही वाटत. शिमग्याला तर आम्हा मुलांना पण मुभा होती, होळीभोवती तोंडावर पालथा हात मारून मारून बोंब ठोकायची, एरवी ज्या शब्दाला पाठीत धपाटा बसला असता तो त्या रात्री ओरडला तरी मोठी माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मग घरात आम्ही का देत नाही? इथून पुढचं सांगायला जरा अवघड आहे.

लोणंदला आमच्या घरापासून जवळच एक घर होतं. नाव नको. त्या घरातले वडील रात्री पिऊन यायचे आणि बायकोला शिव्या द्यायचे, मुलांच्या समोर. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. शब्द तेच होते बरं का, आजी जे ओढ्यावर ओरडायची जवळजवळ तेच, मी भिंतीपलीकडून ऐकलेत. पण ती काकू उलटून एक शब्द बोलायची नाही, आणि मुलं तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत यायचा तेव्हा डोळे खाली, कोणाशी बोलायचा नाही, आणि पुढे सातवी-आठवीत गेल्यावर तोच मुलगा आम्हा मुलींना ते सगळं ऐकवायला लागला, अगदी त्याच्या वडिलांच्याच आवाजात. आम्ही त्याला घाबरायचो. मला तो अजूनही मधूनच आठवतो आणि आता मला त्याची भीती नाही वाटत, वाईट वाटतं.

बारामध्ये दोन्ही काठांवर बायका असतात मनू. हिनं एक दिली की तिनं दोन द्यायच्या. कोणी कोणाच्या जिवावर जगत नाही. पण घरात मूल एकटं एका काठावर आणि समोर आई-बाप, ज्यांच्याकडून त्याला जेवायचंय, झोपायचंय, कुशीत जायचंय. ते उलटून काय देणार? म्हणून मामाला मी फोनवर शिवी देते ते आणि तुमच्यासमोर देत नाही ते, दोन्ही खरंच आहे. मामा मला लगेच परत देतो, जास्त देतो, लहानपणापासून आमचं तसंच चाललंय. त्याच्याशी मी बहीण आहे, तुमच्याशी मी आई आहे.

आता तू म्हणशील पणजी तर पोरांना पण द्यायची. हो, द्यायची. आणि इथेच माझं मला पूर्ण उत्तर सापडत नाही. मला वाटतं फरक हा असेल की लोणंदच्या त्या घरात दिवसभरात आमच्या कानावर इतकी मराठी पडायची, आजीची, आईची, चुलत्यांची, दुकानदाराची, कीर्तनाची, रेडिओची, मास्तरांची, की त्यात आजीच्या शिव्या म्हणजे आमटीतलं तिखट. तुमच्या कानावर इथे नेदरलँड्समध्ये मराठी येते ती बाबाच्या आणि माझ्या तोंडून, आणि रविवारी फोनवर. एवढीशीच. त्या एवढ्याशा मराठीत जर मी वैतागून वैतागून शिव्याच दिल्या असत्या तर तुम्हाला वाटलं असतं ही भाषा आईला राग आला की येते. मला ते नको होतं. हे मी ठरवून केलंय, कोणासमोर चांगलं दिसावं म्हणून नाही.

आणि छोटूचं आठवतंय ना. शाळेतून तो 'कँकर', म्हणजे डचमधला कॅन्सर, लावून काहीतरी बोलत आला होता, इथली पोरं प्रत्येक गोष्टीला ते जोडतात, त्याला वाटलं नुसतं "खूप" म्हणायचा तो प्रकार आहे. आजोबांना जाऊन तेव्हा वर्ष पण झालं नव्हतं, आणि ते कशानं गेले ते तुला माहितीय. बाबा तसाच उठून बाल्कनीत गेला. छोटूला कोणी ओरडलं नाही, तू स्वतः त्याला नीट समजावून सांगितलंस, मला तुझा त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. डच लोकांच्या पुष्कळ शिव्या आजारांच्याच, कॉलरा, टायफस, टीबी. मला आधी ते विचित्र वाटायचं, मग आठवलं की पणजी पण भांडणात "पटकी येऊ दे तुला" म्हणायची, आणि बाबाच्या सिंधुदुर्गात 'फटकी' म्हणतात, म्हणजे तोच कॉलरा. गावंच्या गावं पटकीनं ओस पडायची त्या काळातलं ते उरलंय. पणजी म्हणायची तेव्हा पटकीच्या तसल्या साथी गेलेल्या होत्या, म्हणून ऐकून कोणी बाल्कनीत जायचं नाही. कॅन्सर गेलेला नाही. शिवी कोणासमोर देतोय, त्याच्या घरात काय झालंय, हे लहान मुलाला कळत नाही, ते त्याला कळायला वेळ लागतो, म्हणून आपण मोठ्यांनी तरी सांभाळायचं असं मला वाटतं.

आणखी एक आहे, आणि ते मी तुला मुलगी म्हणून सांगतेय. आपल्याकडच्या मोठ्या शिव्या बहुतेक सगळ्या आई-बहिणीवरून. दोन पुरुष भांडतात आणि मध्ये कुठेच नसलेल्या बाईचं नाव निघतं. ओढ्यावरच्या बायका पण तेच शब्द वापरतात, हे मला आता मोठेपणी बघताना खटकतं. कॉलेजला असताना मी आजीला विचारलं होतं की बायाच बायांवरनं कशाला शिव्या देता, तर ती म्हणाली, "मग पुरुषांवरनं शिव्या हायत व्हय कुठं?" ती रागानं नाही म्हणाली, खरंच विचारत होती. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मामी तर बाराला जातच नाही, तिला लाज वाटते, ती म्हणते मोबाइल घेऊन बाहेरचे लोक शूट करायला येतात आणि आपल्या बायकांना हसतात. मामीचं पण मला पटतं आणि आजीचा तो चेहरा आठवला की मामीचं पटत नाही, असं माझं दोन्हीकडे होतं.

तुला एक बातमी दाखवायची राहिली. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यात सौंदाळा म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रामसभेनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. पूर्ण गावानं मिळून. मी वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, त्या भिंतीपलीकडच्या काकूंची आठवण आली. दंडानं किती फरक पडत असेल कोण जाणे, पण त्या गावातल्या एखाद्या मुलाला तरी कळलं असेल ना की बाबा रोज जे बोलतात ते सगळ्यांना चालत नाही, की ते चूक आहे असं म्हणणारं गावात कोणीतरी आहे. आमच्या शेजारच्या मुलाला हे कोणी म्हटलंच नाही. सगळे म्हणायचे, त्यांच्या घरातलं आहे.

तर माझं असं आहे. तुमच्यावर, तुमच्या अंगावर येऊन, शिवी मी देणार नाही आणि बाबा पण देणार नाही. एकमेकांना तर नाहीच. बोट दारात चेमटलं आणि तोंडातून "मेलं ते दार" गेलं तर ते दाराला, त्यात तुम्ही बिचकायचं काही नाही. तुम्ही दोघांनी काय करायचं, तुझ्या मैत्रिणींमध्ये तू काय बोलतेस, ते मी रोज विचारत बसणार नाही, तू बारा वर्षांची झालीयेस, कोणासमोर काय चालतं हे तुला माझ्यापेक्षा इथलं जास्त कळतं. आजारावरून नको आणि कोणाच्या आईवरून नको, एवढंच मागते. ते पण मागतेच आहे, हुकूम नाही.

पण एक काळजी मला आहे आणि ती बाबानं डोक्यात घातलीये. तो म्हणतो तुम्ही दोघं भांडता तेव्हा डचमध्ये भांडता. मी मुद्दाम लक्ष दिलं, खरंच तसं आहे. जेवायला मराठी, आजीशी फोनवर मराठी, लाडात आलात की मराठी, आणि राग आला की डच. मी घरातली मराठी इतकी सांभाळून वापरली की तुम्हाला तिच्यात चिडायला जागाच राहिली नाही की काय, असा तो विचारतो. माझ्यापाशी याचं उत्तर नाही. पण मला हवंय की तू माझ्यावर चिडशील ती मराठीत चिडावीस, "आई तू मूर्खासारखं करतेयस" असं मराठीत म्हणावंस, मी ऐकून घेईन. भवाने, मुडद्या हे पणजीचे शब्द तर तुम्ही खुशाल घ्या, छोटूला "मुडद्या, चार्जर कुठं टाकलास" म्हण, तो पण तुला म्हणू दे. ते आपल्या घरचेच आहेत.

बाबाचं यावर पूर्ण वेगळं मत आहे. त्याच्या मालवणात आजी-नातवाचं बोलणं शिवीशिवाय सुरूच होत नाही आणि त्याच्या मते मी उगाच एवढा विचार करते. ते त्याच्याकडूनच ऐक, शनिवारी तो घरी आहे.

आई