प्लेटलेट कमी आल्या, रक्त पुन्हा दिलंय. रिपोर्टपर्यंत काय करू?

प्रश्न : वय ४६. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या प्लेटलेट ६८ हजार आल्या. ताप नाही, कसलाच त्रास नाही. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली आणि चिठ्ठीवर ‘सायट्रेट ट्यूब, स्मिअर’ असं लिहिलं. रक्त देऊन झालं, रिपोर्ट परवा मिळेल. तोवर जिवाला घोर लागलाय, रात्रभर मोबाईलवर वाचत बसते. बहीण म्हणते, पपईच्या पानांचा रस घे. घेऊ का?

उत्तर : ताई, चिठ्ठीवरचे ते शब्द नीट समजून घ्या, बराचसा घोर तिथेच कमी होईल. नेहमीच्या सीबीसीचं (रक्तपेशी मोजायच्या तपासणीचं) रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. रक्त गोठू नये म्हणून तीत ईडीटीए असतं. काही जणांच्या रक्तात याच ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन आकारावरून मोजतं. गुठळी मोठी दिसली की ती प्लेटलेटमध्ये धरतच नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. नमुना जितका उशिरा मशीनवर जाईल तितक्या गुठळ्या वाढतात. ऑफिसच्या शिबिरात सकाळी घेतलेलं रक्त दुपारी लॅबमध्ये पोचणं नेहमीचंच. सुई नीट लागली नाही किंवा ट्यूब लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तरीही असं होतं.

म्हणून निळ्या टोपणाची सायट्रेट ट्यूब. तीत ९ भाग रक्ताला १ भाग द्रव असल्याने रक्त थोडं पातळ होतं आणि आलेल्या आकड्याला १.१ने गुणावं लागतं. मशीनने १.७० लाख दाखवलं तर खरा आकडा १.८७ लाख. हा गुणाकार केलाय का, एवढं लॅबला जरूर विचारा. स्मिअरमध्ये काचेवर रक्ताचा पातळ थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी गुठळ्या बघतात. क्वचित सायट्रेटमध्येही गुठळ्या होतात, तेव्हा स्मिअरचाच आधार.

आकडा खरोखर कमी निघण्याचीही शक्यता आहे. ती आम्ही लपवणार नाही. मग बी१२ची कमतरता, चालू औषधं, यकृत-प्लीहा अशी कारणं डॉक्टर शोधतील. पण अंगावर काहीच खुणा नसताना ६८ हजारांवर आपोआप मोठा रक्तस्राव सहसा होत नाही. तोवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तीही मनाने बंद करू नका. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले, हिरड्यांतून रक्त आलं, नाकातून येणारं रक्त १५ मिनिटं नाक दाबूनही थांबेना, शौचाला काळी झाली किंवा अचानक जोराचं डोकं दुखलं, तर परवाची वाट न बघता दवाखाना गाठा. ताप आला तरी त्याच दिवशी कळवा.

पपईचा रस नको. आकडा खरा की खोटा हेच अजून ठरायचंय, आणि त्या कडू रसाने उलट्या झाल्या तर नवीनच त्रास.

आता मनाचं. रिपोर्ट किती वाजता येतो ते लॅबला एकदाच विचारा आणि त्याआधी ॲप उघडू नका. संध्याकाळी २० मिनिटं ठरवून वहीत सगळ्या शंका लिहा. दिवसा मनात आलं की ‘सहाला लिहीन’ म्हणून हातातलं काम पुढे न्या. हे पहिल्या दिवशी जमत नाही, तरी करत राहा. तीच वही डॉक्टरांकडे न्यायची. रात्री नऊनंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. पडल्यावर चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, दहा मिनिटं. घरातल्या एकाच माणसाला सगळं सांगा. दहा जणांना सांगितलं की दहा सल्ले येतात. अगदीच असह्य झालं तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६वर फोन करा. तो मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

गुठळ्याच निघाल्या तर तो रिपोर्ट फाइलमध्ये वर लावून ठेवा आणि पुढे कुठेही रक्त देताना, विशेषतः ऑपरेशनआधी, आधीच सांगा. नाहीतर तोच खोटा आकडा पुन्हा येईल आणि ऑपरेशन विनाकारण पुढे ढकललं जाईल.