आहाराचे प्रश्न: मोरोत भात किती, तूर किती?

प्रश्न : मी न्यूयॉर्कला राहते. सासर डोमिनिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकचं. रविवारी सासूबाईंचा लोक्रियो, म्हणजे सलामी (सॉसेजसारखं मांस) घालून शिजवलेला भात, ठरलेला असतो. नवऱ्याचा रक्तदाब वाढलाय. भात बंद करू का?

भाताला नंतर धरू, आधी मीठ बघा. लोक्रियोत मांस आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजतात, म्हणून मांसातलं सगळं मीठ भातात उतरतं. सलामी मुळातच खारट. त्यात 'सोपिता' म्हणजे सूपची वडी पडते, आणि तिच्यातही मुख्य घटक मीठच. ऑलिव्ह आणि केपर्स (एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या) खाऱ्या पाण्यातले, शिवाय वरून चिमूटभर मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो. एकदा गुणून बघाच.

सलामी निम्मी करा, तिचे तुकडे आधी पाण्यात उकळून ते पाणी फेका, उरलेल्या जागी कातडी काढलेलं चिकन घाला. चिकनला लसूण, ओरेगानो आणि आंबट संत्र्याचा रस चोळून ठेवा. सोपिताऐवजी कांदा, लसूण, कुबानेला (कमी तिखट, मोठी) मिरची आणि कोथिंबीर वाटून घाला. बऱ्याच डोमिनिकन घरांत असं वाटण बाटलीत भरून फ्रिजमध्ये असतंच, त्यामुळे सासूबाईंना ते परकं वाटणार नाही. बदल मात्र एका रविवारी एकच करा. सगळं एकदम बदललंत तर पुढचा लोक्रियो तुमच्या घरी होणार नाही! रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

प्रश्न : 'मोरो दे ग्वान्दुलेस' या डोमिनिकन भातातले ग्वान्दुलेस म्हणजे आपली तूरच ना? मग तो पौष्टिकच झाला की!

हो, तूरच. भारतातून आफ्रिका आणि तिथून कॅरिबियन असा तिचा प्रवास. तिकडे मात्र डाळ करत नाहीत, अख्खे दाणे भातात शिजवतात. तांदळात लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी, तुरीत ते भरपूर, म्हणून वरणभातासारखीच ही जोडी जमते.

अडचण प्रमाणाची आहे. तीन कप तांदळाला तुरीचा एक डबा घातला की ताटात भातच जास्त येतो. दीड कप तांदूळ आणि दोन ते अडीच कप शिजलेले दाणे घेऊन बघा. तंतुमय पदार्थ आणि प्रथिनं वाढतात, आणि चव बिघडत नाही, कारण मोरोची चव दाण्यांत आणि फोडणीतच असते. डब्यातले दाणे निथळून धुवा, बरंच मीठ जातं. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत फ्रोझन 'तुवेर लिलवा' मिळतात, तेही चालतील. महाराष्ट्रात हिवाळ्यात ओले दाणे असतातच. सुके असतील तर रात्रभर भिजवून मऊ शिजवा, आणि शिजवल्याचं पाणी भाताला वापरा, रंग छान येतो. तूरडाळ नको, तिची खिचडी होईल.

डोमिनिकन रिपब्लिकच्या सामाना भागात मोरोत नारळाचं दूध घालतात. घाला, पण निम्मं दूध, निम्मं पाणी, आणि त्या दिवशी तेल चमचाभरच. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डाळी-कडधान्यांचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

प्रश्न : ब्राऊन राइसचा लोक्रियो केला, चिकन लगदा झालं आणि तांदूळ कच्चा!

साहजिक आहे. ब्राऊन राइसला पाणी जास्त आणि ४०-४५ मिनिटं लागतात. तो आधी भिजवून अर्धा शिजवा, मग चिकनमध्ये मिसळा. मी तर उकडा तांदूळ सुचवेन. पांढऱ्या तांदळापेक्षा त्याने रक्तातली साखर सहसा हळू चढते, आणि दाणा मोकळा राहतो.

प्रश्न : कोंकोन खाऊ नये का?

कोंकोन म्हणजे काल्देरोच्या, त्या जाड अॅल्युमिनियमच्या भांड्याच्या, तळाशी लागलेली खरपूस खरवड. डोमिनिकन घरात तिच्यासाठी भांडणं होतात, त्यामुळे ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. तेल मात्र तळातच मुरतं आणि खरवडीत उतरतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. दीड कप तांदळाला दोन चमचे पुरे; पाणी आटलं की झाकण लावून अगदी मंद आचेवर ठेवलं तर कोंकोन तेवढ्यातही धरतो. तो खायचा दिवस असेल तर भाताचा दुसरा डाव घेऊ नका, अवोकाडो आणि कोबीची कोशिंबीर वाढून घ्या.