आठ वर्षं शिवाशिवीच खेळले का?

पॉइंट स्पारिंगमधून (फटका लागला की गुण आणि लढत थांबते) फुल कॉन्टॅक्टकडे (लढत न थांबता पूर्ण जोरानं चालते) वळलेले खेळाडू समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकांची काळजी एकच असते: इतकी वर्षं शिकलो ते सगळं खोटं होतं का? ही केस अशाच एका २३ वर्षांच्या मुलीची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कराटेत ब्लॅक बेल्ट, आठ वर्षं स्पर्धेतलं कुमिते, म्हणजे कराटेतली समोरासमोरची लढत. हौसेनं किकबॉक्सिंगच्या क्लासला गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला खुल्या राउंडमध्ये उतरवलं. समोर १५ किलोनं जड असलेला नवखा मुलगा. पहिला फटका तिचाच लागला, स्वच्छ, छातीवर. पुढच्याच क्षणी तिच्या नाकावर ठोसा बसला आणि नंतरचं दीड मिनिट ती गोठल्यासारखी उभी राहिली. "आठ वर्षं मी शिवाशिवीच खेळले का?" हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं, "मी भित्री आहे, हे आता कळलं."

या दोन्हींवर बोलण्याआधी डोक्याची चौकशी करावी लागते. त्यानंतर डोकं दुखलं का, मळमळ झाली का, उजेडाचा त्रास, झोपेत बदल, विसरायला होणं? तिचं डोकं दोन दिवस ठणकत होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून पहिलं काम डॉक्टरांकडे पाठवण्याचं. मेंदूला धक्का बसल्याचा संशय असेल तर त्याच दिवशी खेळ थांबतो, २४ ते ४८ तास जमेल तितकी विश्रांती, मग हलक्या चालण्यापासून टप्प्याटप्प्यानं वाढ, प्रत्येक टप्प्याला निदान एक दिवस. लक्षणं बळावली तर मागे यायचं. अंगाला फटका लागणारा सराव डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. "हेडगार्ड होतं की," असं ती म्हणाली. हेडगार्डमुळे भुवई फुटणं, कापणं टळतं; कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्यानं थांबत नाही. त्याच्या भरवशावर जोर वाढवणं ही क्लासमध्ये सर्रास दिसणारी चूक आहे.

डॉक्टरांचा होकार आल्यावर तिला तो राउंड क्षणाक्षणानं सांगायला सांगितलं. घाई न करता. तिसऱ्यांदा सांगताना नेमकी गोष्ट हाती लागली: फटका लागल्याबरोबर तिनं हात कमरेशी ओढला, दुसरा हात खाली सोडला आणि नजर बाजूला वळवली, जिथे स्पर्धेत पंच उभे असतात. तिचं शरीर 'यामे', म्हणजे पंचांचं 'थांबा', ऐकू येण्याची वाट पाहत होतं.

याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. आठ वर्षं प्रत्येक गुणानंतर लढत थांबली, म्हणून फटका लागला की काम संपलं, हे शरीरानं मन लावून पाठ केलं. जागतिक कराटे संघटनेच्या नियमांत ठोशाला १ गुण, धडावरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३. आणि जोर आवरणं हा कौशल्याचाच भाग. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ नं पुढे होता. त्याच्या लाथेनं इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. अतिजोराबद्दल हमेदी बाद झाला आणि सुवर्ण गंजजादेला मिळालं. या शिस्तीत वाढलेला खेळाडू अंतर मोजणं, समोरच्याच्या खांद्यावरून हल्ला ओळखणं, पहिली उडी घेणं हे फार बारकाईनं शिकतो. ते वाया जात नाही. ज्याचा सराव झालेला नसतो, ती असते पुढची अर्धी सेकंद.

फुल कॉन्टॅक्टवाल्यांचीही अशीच जागा मोकळी राहते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. क्योकुशिन या फुल कॉन्टॅक्ट कराटेत पोटाछातीवर पूर्ण जोरानं ठोसे चालतात, पण हातानं चेहऱ्यावर मारायची मनाई आहे. म्हणून तिथले भलेभले चिवट खेळाडू बॉक्सिंगच्या राउंडमध्ये हनुवटी उघडी टाकून पुढे येतात. हे ऐकल्यावर तिचे खांदे पहिल्यांदा सैल झाले.

पुढची आखणी तिच्या प्रशिक्षकांशी बोलून केली. जोडीदार बदलला: जड असला तरी चालेल, पण जुना आणि हातावर ताबा असलेला. नवख्याला स्वतःचा फटका नेहमी हलकाच वाटतो. समोरून आलेला मात्र जोरात लागतो, म्हणून तो परतफेड थोडी वाढवून करतो आणि मिनिटभरात हलका राउंड मारामारी होतो. त्यासाठी एक शब्द ठरवला, "हलकं". दोघांपैकी कुणीही म्हटला की जोर निम्म्यावर.

पहिले दोन आठवडे जोडीदारानं फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकायचा, कपाळाला ग्लोव्ह टेकेल इतकाच. तिनं उलट मारायचंच नाही. दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट. ग्लोव्हज १६ औंसाचे, माउथगार्ड घातलेलंच. तिच्याकडे काम दोनच: डोळे उघडे ठेवणं आणि प्रत्येक स्पर्शाला श्वास सोडणं. गोठणारा माणूस जवळजवळ नेहमी श्वास कोंडून धरतो. प्रत्येक राउंडनंतर भीतीला शून्य ते दहामध्ये आकडा द्यायचा; सलग दोन सरावांत तो चारच्या वर गेला नाही तरच पुढचा टप्पा. पहिल्या दिवशी तिनं आठ सांगितले, चौथ्या सरावाला तीन.

मग 'तिसरी गोष्ट'. ती मारेल, जोडीदार लगेच परत मारेल, आणि तिनं हात गालाशी आणून तिरकं बाहेर पडायचं. सरळ मागे पळणं ही पॉइंटवाल्यांची दुसरी सवय. मॅटच्या कडेला ती चालून जाते, भिंतीशी नाही. प्रशिक्षकांनी थांबा म्हणायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. पाचव्या आठवड्यापासून खांद्याखाली मध्यम जोर, लो किक (पायावरची लाथ) अडवणं, डोक्याला मात्र स्पर्शच.

"खरा फुल कॉन्टॅक्ट कधी?" असं तिनं विचारलं. त्यावर आमचं मत स्पष्ट आहे: स्पर्धा ठरलेली नसेल तर डोक्यावर पूर्ण जोराचे राउंड घ्यायचं कारण नाही. डोक्यावरच्या माराची सवय होते ती मनाला; मेंदू त्यानं कणखर होत नाही. त्या बाबतीतली तिची भीती बरोबरच होती आणि ती घालवायचा प्रयत्न आम्ही केला नाही.

चौथ्या महिन्यात ती दोन्ही क्लासला जाते. फटका लागल्यावर नजर बाजूला जाणं थांबलंय. दुसऱ्या राउंडच्या शेवटी दम लागला की डावा हात अजून खाली येतो; सध्या काम त्यावर चालू आहे.