सोलांचं यंत्र आणि विद्यापीठाचं अनुदान

प्रश्न : ताई, मी वाळपईची, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळवायचं यंत्र करायचंय. विद्यापीठाच्या नवोपक्रम व उद्योजकता अनुदानाच्या अर्जात काय लिहू?

उत्तर : यंत्रापासून सुरुवात करू नकोस, आईच्या अंगणापासून कर. मे महिन्यात रसाची पुटं दिलेली सोलं उन्हात पसरलेली असतात, अवकाळी सर येते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. हे नुकसान किलोत आणि रुपयांत मांड. वही घेऊन शेजारच्या चार घरी जा. माझा पहिला अर्ज खर्चाच्या पानावर अडला होता. मी ‘यंत्रसामग्री’ म्हणून एकच आकडा टाकला होता. पंखा, जाळीचे ट्रे, तापमापक, वेल्डिंग, प्रत्येकाचं कोटेशन जोड.

आणखी एक, आणि याची मला फार काळजी वाटते. रचनेत खरंच नवं काही असेल, तर प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज कर. पूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. हक्क तुझा राहणार की विद्यापीठाचा, हे अनुदानाच्या करारावर सही करण्याआधी लेखी विचारून घे. अनुदानाच्या अर्जावर मार्गदर्शकांची सही मात्र आजच घे.