काँक्रीटखालची गळती: रडार बोलावण्याआधी पाइप कसला ते विचारा

बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीचा, पाण्याच्या पाइपाच्या गळतीचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही म्हणता, रस्ता काँक्रीटचा झाला आणि काही महिन्यांत एका सांध्यातून पाणी वर यायला लागलं. तिथे फोडलं तर खालचा पाइप धड, थोडं पुढे फोडलं तरी तेच. आता गल्लीत वर्गणी काढून रडारवाल्याला बोलवायचं चाललंय. शिवाय परदेशात न खोदता पाइप बदलतात तसं इथे जमेल का, हाही प्रश्न आहे.

रडारवर पैसे घालू नका. निदान आत्ता तरी नको.

रडार जमिनीत लहरी सोडतं आणि पाइपावरून परत येणाऱ्या लहरींवरून चित्र काढतं. ओली काळी माती या लहरी गिळून टाकते. वडगाव-शहापूरकडून बळ्ळारी नाल्याकडे उतरलं की काळं रान लागतं, आणि तुमच्याकडे तर गळतीने ती माती आधीच भिजलेली. कोरड्या मुरमात दीड-दोन मीटरपर्यंत दिसतं ते इथे हातभरावर धूसर होतं. त्यातून काँक्रीटमध्ये सळ्यांची जाळी असेल तर आधी ती जाळीच दिसणार. आणि समजा दिसलाच, तरी दिसणार पाइप. भोक कुठे आहे ते रडार क्वचितच सांगतं. तुम्हाला हवंय ते भोक.

भोक सापडतं आवाजावरून. दाबाखालचं पाणी फटीतून बाहेर पडताना सूं असा आवाज होतो आणि तो पाइपाच्या अंगाने दोन्ही बाजूंना पळतो. जुने व्हॉल्वमन लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्वच्या दांड्यावर टेकवून दुसरं कानाला लावत, ते याच आवाजासाठी. आजचं यंत्र म्हणजे कोरिलेटर. गळतीच्या दोन्ही बाजूंच्या व्हॉल्ववर किंवा फेरूलवर (मुख्य पाइपातून घरजोडणी निघते तो तुकडा) एकेक सेन्सर लावायचा. आवाज एका सेन्सरला आधी पोचतो, दुसऱ्याला उशिरा, आणि त्या फरकावरून जागा निघते.

इथेच पाइप कसला हा प्रश्न येतो. समजा दोन सेन्सरमध्ये १०० मीटर अंतर आहे आणि आवाज पोचण्यात ०.०२ सेकंदाचा फरक आला. पाइप बिडाचा असेल तर आवाज त्यातून सेकंदाला साधारण १२०० मीटर जातो. म्हणजे फरकाचे झाले २४ मीटर, ते १०० मधून वजा करून निम्मे केले की गळती जवळच्या सेन्सरपासून ३८ मीटरवर. तोच पाइप एचडीपीईचा, म्हणजे प्लास्टिकचा असेल तर वेग ४००च्या आसपास धरावा लागतो. मग फरक ८ मीटरचा आणि गळती ४६ मीटरवर. यंत्र तेच, वेळ तीच, आणि खड्डा आठ मीटर चुकला. काँक्रीटच्या रस्त्यावर आठ मीटर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय प्लास्टिकमध्ये आवाज लवकर मरतो, म्हणून सेन्सर जवळजवळ लावावे लागतात.

आपल्याकडची खरी गोम अशी की एकाच गल्लीत अर्धा पाइप बिडाचा, मध्ये सिमेंटचा तुकडा, पुढे पीव्हीसी, असं सर्रास असतं. फुटलं तेव्हा हाताला जो तुकडा आला तो बसवला, नोंद कुठेच नाही. अशा वेळी मी ऑफिसातल्या ड्रॉइंगपेक्षा त्या भागातल्या व्हॉल्वमनला जास्त मानतो. त्याला चहा पाजा, दुरुस्त्या कुठे कुठे झाल्या ते विचारा आणि कागदावर उतरवून घ्या.

दुसरी अडचण वेळेची. पाणी सुटलेलं असतानाच आवाज येतो, आणि नेमकं तेव्हा घराघरांत मोटारी चालू असतात. बेळगावच्या काही भागांत जागतिक बँकेच्या कर्जातून २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथे जुन्या जाळ्याला ठिगळं न लावता नवं जाळं टाकलं, घरोघरी मीटर बसवले. अशा भागात काम सोपं. रात्री दोन ते चार कुणी पाणी वापरत नाही, तेव्हाही मुख्य मीटर जोरात फिरत असेल तर पाणी जमिनीत जातंय. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर ही सोय नाही.

पण पाइप बाकी वेळ रिकामा असतो, त्याचा फायदा घेता येतो. ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं तयार मिश्रण सिलिंडरमध्ये मिळतं. ते पेट घेत नाही. सगळ्या घरांच्या तोट्या बंद करून ते पाइपात भरायचं. हायड्रोजन इतका हलका की भोकातून निघून वर येतो, आणि वर एक हुंगणारं यंत्र फिरवायचं. पाइप प्लास्टिकचा असो की लोखंडाचा, फरक पडत नाही. फक्त काँक्रीटखाली गॅस आडवा पसरून सांध्यातून निघतो, म्हणून पाइपाच्या रेषेवर थोड्या थोड्या अंतराने बोटभर जाडीची भोकं पाडून तिथे हुंगायचं. स्लॅब फोडण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त.

पाण्याचंही तसंच, आणि तुमचे दोन खड्डे बहुतेक त्यामुळेच फुकट गेले. काँक्रीटखालच्या दाबलेल्या थराला पाणी भेदत नाही. ते जुन्या चराच्या वाळूतून उताराकडे सरकतं आणि पहिला उघडा सांधा मिळाला की वर येतं. म्हणून चढाच्या बाजूला शोधा, तेही घरजोडण्यांपासून सुरुवात करून. जास्तीत जास्त गळत्या फेरूल आणि सॅडल (मुख्य पाइपाला आवळलेली, फेरूल धरणारी पकड) इथेच असतात. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, मुख्य पाइप एका बाजूला ओढला जातो आणि घराचा बारीक पाइप दुसरीकडे. तुटतं ते जोडावर.

आता न खोदता बदलण्याबद्दल. परदेशात यावर खरंच मोठं काम झालंय. टेक्सासच्या आर्लिंग्टन विद्यापीठात भूमिगत सुविधांसाठी वेगळं संशोधन केंद्र आहे. एका पद्धतीत जुना पाइप आतून फोडत त्याच्याच मार्गाने नवा एचडीपीई ओढून नेतात. दिसायला झकास. पण प्रत्येक घराची जोडणी नव्या पाइपाला परत द्यायला तिथे खड्डा लागतोच. शहापूरच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं, म्हणजे दर चार-पाच मीटरला खड्डा. मग वाचलं काय? दुसरी पद्धत एरिक वुड यांनी १९७१ मध्ये लंडनच्या एका गटारात वापरली: राळेत भिजवलेली नळी आत न्यायची आणि ती तिथेच कडक होऊ द्यायची. आपल्याकडे ही यूजीडीच्या, म्हणजे भूमिगत गटाराच्या, खोल लाइनला शोभते. तिथे चर खोल, घरजोडण्या तुलनेने कमी आणि मॅनहोल आधीच हजर. पिण्याच्या पाण्याच्या बारीक पाइपात मी सुचवणार नाही.

कुणी इंटेलिजंट पिगचा (पाइपाच्या आतून फिरत त्याची तपासणी करणारं यंत्र) व्हिडिओ दाखवला तर तोही विसरा. दाभोळ-बेंगळुरू गॅसवाहिनी आपल्या जिल्ह्यातून जाते. तसल्या सलग पोलादी लाइनसाठी ते यंत्र आहे. आपल्या ९० मिलिमीटरच्या, टीने आणि बेंडने भरलेल्या पाइपात ते शिरणारसुद्धा नाही.

पुढच्या वेळी चर उघडा असेल तेव्हा बुजवण्याआधी दोन कामं करून घ्या. पाइप प्लास्टिकचा असेल तर त्याच्या अंगाने तांब्याची इन्सुलेशन असलेली तार टाका आणि तिची टोकं व्हॉल्व चेंबरमध्ये वर काढून ठेवा. नंतर साधं लोकेटर तारेवरून पाइप दाखवतं. आणि जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून, म्हणजे घराचा कोपरा, विजेचा खांब अशा, टेपने अंतर मोजून फोटो काढा. केबलवाले, गॅसवाले येऊन पाइप फोडतात अशी तक्रार याच मंचावर दुसऱ्या एका सदस्याने केली आहे. त्यासाठी केंद्राचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च २०२३ पासून आहे. खोदणाऱ्याने आधी कळवलं की तिथे ज्यांच्या लाइन नोंदलेल्या आहेत त्यांना सूचना जाते. पण नोंदच नसलेल्या पाइपाची सूचना जाणार कुणाला?

तूर्त इतकं करा. व्हॉल्वमनकडून पाइप कसला, कुठे बदलला आणि व्हॉल्व कुठे आहेत ते काढा, गल्लीचा हातानेच नकाशा काढून चढ-उताराचा बाण दाखवा आणि इथे टाका. सेन्सर लावायचे की गॅस भरायचा, ते त्यावरून सांगतो.