स्पॅनिश सोडली तर चालेल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी मुलगी इथल्या पब्लिक स्कूलमध्ये दहावीत आहे. आठवीत तिचं स्पॅनिश वन झालं, आता स्पॅनिश थ्री चालू आहे. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आलाय आणि ती म्हणते, ‘स्पॅनिश बस झाली, त्या तासाला एपी कॉम्प्युटर सायन्स घेते.’ (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय.) स्पॅनिशमध्ये बी ग्रेड मिळतेय, तेही एक कारण असावं. ह्यांचं म्हणणं, ग्रॅज्युएट व्हायला भाषेचं एकच वर्ष लागतं, मग कशाला ताणायचं? मैत्रिणी सांगतात, चार वर्षं नसतील तर मोठ्या कॉलेजांची नावंही काढू नका. शिवाय ती लहानपणापासून रविवारच्या मराठी शाळेत जाते. ते कुठे धरत नाहीत का?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे, पण ते शाळेपुरतं. न्यू जर्सीत हायस्कूल पार करायला भाषेचे पाच क्रेडिट, म्हणजे एक वर्ष पुरतं. कॉलेजांचा हिशोब वेगळा, आणि तोही प्रत्येकाचा निराळा. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या आर्ट्स अँड सायन्सेस शाखेला एकाच भाषेची दोन वर्षं लागतात. एमआयटी दोन वर्षं सुचवतं. स्टॅनफर्ड एकाच भाषेची तीन किंवा जास्त म्हणतं, तर हार्वर्ड आणि प्रिन्स्टन चार. यातलं रटगर्सचं सोडलं तर बाकीची शिफारस आहे, अट नव्हे. पण जिथे बहुतेक अर्ज परत जातात तिथली शिफारस मी तरी हलक्यात घेऊ देत नाही.

आता वर्षं मोजायची कशी? इथेच पालक गडबडतात. स्पॅनिश वन मिडल स्कूलमध्ये झालं म्हणून ते वाया जात नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची अट दोन वर्षांची आणि शिफारस तीनची. तिथे वरच्या लेव्हलला सी किंवा त्याहून चांगली ग्रेड असली की खालच्या लेव्हल आपोआप धरल्या जातात. म्हणजे यंदा स्पॅनिश थ्री नीट पार पडलं की त्या युनिव्हर्सिटीपुरती तुमची लेक मोकळी. रटगर्स आणि एमआयटीपुरतीही. प्रश्न उरतो तो हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या ओळीचा. तिची यादी अजून झालेली नसणार. दहावीत कुणाचीच झालेली नसते, आणि ज्यांची झालेली असते ती बहुधा आईबाबांनी केलेली असते.

म्हणून माझा सल्ला असा: अकरावीत स्पॅनिश फोर घ्या आणि बारावीत सोडा. एपी कॉम्प्युटर सायन्स बारावीतही घेता येतं. अकरावीतच हवं असेल तर एखादा इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) काढून तिथे बसवता येतं का ते शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे विषयनिवड आणि कॉलेजचे अर्ज बघणाऱ्या मार्गदर्शकाला, विचारा. मी स्वतः एका सरकारी हायस्कूलमध्ये तेच काम करते. फेब्रुवारीत माझ्या टेबलावर हीच ओढाताण चालू असते. मात्र स्पॅनिशमुळे फिजिक्स किंवा कॅल्क्युलस मागे पडणार असेल आणि मुलीला इंजिनिअरिंगलाच जायचं असेल, तर मी बेलाशक स्पॅनिश सोडायला सांगेन. आणि कंटाळा आला म्हणून आता फ्रेंच सुरू करू नका. तीन अधिक दोन पाच असं कुणी मोजत नाही. एका भाषेत कुठवर पोचलात ते बघतात.

बीची भीती मला तितकीशी पटत नाही. आम्ही काउन्सेलर कॉमन अ‍ॅपचा (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) जो शाळेचा रिपोर्ट भरतो, त्यात एक रकाना असतो: या शाळेतल्या इतर मुलांच्या मानाने या विद्यार्थ्याने घेतलेले विषय किती कठीण होते? सोबत शाळेची माहितीही जाते. तुमच्या शाळेत स्पॅनिश फोर आणि एपी स्पॅनिश दोन्ही असतील आणि मुलगी थ्रीवर थांबली, तर ते वाचणाऱ्याला दिसतं. शाळेत थ्रीच्या पुढे काही नसेल, तर मात्र कुणी तिला दोष देत नाही.

मराठी शाळेबद्दल. तिथली वर्षं आपोआप धरली जात नाहीत. ती तुमच्या हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (विषय आणि ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर) चढली तरच. एपीमध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. पण न्यू जर्सीत परीक्षा देऊन भाषेचं प्रावीण्य सिद्ध करता येतं, आणि ‘सील ऑफ बायलिटरसी’ (दोन भाषा येत असल्याचा अधिकृत शिक्का) मिळवायचीही सोय आहे. मराठीची कोणती परीक्षा ते मान्य करतात, हे डिस्ट्रिक्टच्या वर्ल्ड लँग्वेज विभागाला ईमेल करून विचारा. दहावीतच विचारा, बारावीच्या नोव्हेंबरात नको. कॉमन अ‍ॅपवर कोणत्या भाषा येतात ते वेगळं लिहायचं असतं: बोलता, वाचता, लिहिता, घरी कोणती वापरता. तिथे मराठी हक्काने भरा. तिला वाचता येत असेल तरच ‘वाचता’वर खूण करा, हे मात्र तिच्याशी बसून ठरवा. आणि ती आता मोठी मुलगी म्हणून धाकट्यांना बाराखडी शिकवत असेल, तर ते अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये टाका. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक शाळांमधून या वयाच्या मुली शिकवायलाच बसलेल्या असतात.

प्रश्न: मुलगा पुण्यात अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीत दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतलं. अमेरिकेत अर्ज करायचा तर आता जर्मनचा क्लास लावावा का?
– एक वडील, कोथरूड

उत्तर: जर्मन आवडत असेल तर लावा, अर्जासाठी म्हणून नको. बारावीपर्यंत मॅक्स म्युलर भवनात जाऊन तो पहिल्या एक-दोन पायऱ्या चढेल, आणि तेवढ्यासाठी बोर्डाच्या आणि सॅटच्या (अमेरिकन प्रवेशपरीक्षेच्या) अभ्यासातले तास जातील. भारतातला अर्ज भारतातल्या शिक्षणपद्धतीच्या चौकटीत वाचला जातो. सायन्सच्या मुलाने आयटी घेतलं यात कुणाला वावगं वाटत नाही. शिवाय दहा वर्षं मराठीतून गणित-विज्ञान शिकून जो इंग्रजीत अर्ज करतोय, त्याला दुसरी भाषा येते का हे वेगळं पटवायला नको. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नियमांत तर इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमातून सहावीत किंवा त्यापुढे दोन वर्षं शिकलेल्याची भाषेची अट पूर्ण धरतात. माध्यम मराठी होतं हे कागदावर स्पष्ट दिसेल एवढं बघा; शाळेकडून तसं पत्र आत्ताच घेऊन ठेवा.