सायकल नऊ हजारांचीच घ्या. पण आधी ते कार्ड मिटवा

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४७, अनुदानित शाळेत क्लार्क, हातात पगार ४२,०००. मिस्टरांचं झेरॉक्सचं दुकान, मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. विश्रामबागेतल्या घरापासून गावभागातल्या शाळेपर्यंत चार-साडेचार किलोमीटर. स्कूटर सोडून सायकलने जायचं त्यांच्या मनात आहे. साडी नेसून बसता यावं म्हणून मधला दांडा नसलेली, ताठ बसून चालवायची सायकल हवी. दुकानात दोन आवडल्या: साधी ९,००० ची आणि बॅटरीवाली ३९,००० ची. बॅटरीवाली क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट ईएमआय'ने मिळते, महिन्याला दीड हजारांचं पेट्रोल वाचेल, म्हणजे सव्वादोन वर्षांत ती फुकटच पडेल, असा त्यांचा हिशेब. "कोणती घेऊ?" एवढाच प्रश्न.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: "कार्डावर १,०४,००० बाकी दिसते, पण मिनिमम ड्यू मी न चुकता भरते. अडीच लाखांची एफडी अडीअडचणीला ठेवली आहे, तिला हात लावत नाही."

ताई, सायकलचं आधी उरकतो. साधी घ्या. सांगली सपाट आहे, तुमच्या वाटेवर दम लागावा असा चढ नाही, मोटर कशाला? पेट्रोलचा हिशेबही चुकलाय. रोजचे नऊ किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर पाच लिटर, साधारण ५०० रुपये. दीड हजार आले कुठून? त्यातून पावसाळा आणि मे महिना वजा करा. वर्षाला चार हजार वाचले तरी खूप झालं. स्कूटर तुम्ही विकणार नाही, तेव्हा तिचा विमा आणि सर्व्हिसिंग चालूच राहणार. या गतीने बॅटरीवाली वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, आणि त्याच्या कितीतरी आधी तिची बॅटरी बदलायची वेळ येईल. सायकल तब्येतीसाठी, आवडीसाठी जरूर घ्या; बचतीचं कारण लावू नका.

आता तुम्ही न विचारलेलं.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, वेळेवर भरणं म्हणजे कर्ज फेडणं नव्हे. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटवर व्याज महिना साडेतीन टक्के आहे. १,०४,००० वर ३,६४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६५५, मिळून ४,३०० च्या आसपास. तुम्ही भरता ५,२००. मुद्दल उतरतं जेमतेम नऊशे. नऊ महिन्यांत अठ्ठेचाळीस हजार भरलेत आणि १,१२,००० चे १,०४,००० झालेत. वर्षाला पन्नास हजारांहून जास्त व्याज जातंय. आणि ज्या एफडीला तुम्ही हात लावत नाही, तिच्यातल्या तेवढ्याच रकमेवर बँक तुम्हाला वर्षाला सात हजार देते. फरक ४४,०००. दरवर्षी ती बॅटरीवाली सायकल तुम्ही विकत घेताय, वर पाच हजार घालून, आणि ती मिळत मात्र नाही.

अडीअडचण म्हणतात ती हीच. एफडी मोडा. अर्धा-एक टक्का दंड बसेल, हजारभर रुपये, बसू दे. अख्खी मोडावी लागली तर उरलेल्या १,४६,००० च्या दोन वेगळ्या पावत्या करा, म्हणजे पुढे गरज पडली तर एकच मोडता येईल. कार्डावर भरण्याआधी कस्टमर केअरला त्या दिवसाची पूर्ण थकबाकी विचारा. पुढच्या बिलात थोडं व्याज तरीही दिसेल, कारण ते पैसे जमा झाल्याच्या तारखेपर्यंत धरतात. घाबरू नका, तेही भरून टाका.

बाकी अंगावर असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. तेव्हा त्या कार्डावर 'नो कॉस्ट' या शब्दावर विसंबू नका. एरवीही व्याजाइतकी सूट दुकानदार किमतीत दाखवतो, आणि व्याजावरचा जीएसटी व प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते.

पण हे लाखभर झाले कसे, ते तुम्ही एका ओळीत उडवलंत: "पॉलिसीचा दुसरा हप्ता कार्डावर भरला, पॉइंट्स मिळतात म्हणून." खरा घोळ इथे आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने "एफडीसारखंच आहे, पाच वर्षांत डबल, टॅक्सही वाचेल" म्हणून वर्षाला एक लाखाची पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली. पाच वर्षांत दामदुप्पट म्हणजे वर्षाला चौदा टक्क्यांहून जास्त. हमीने एवढं कुणी देत नाही. तुमच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय: दहा वर्षं एक-एक लाख भरा, पंधराव्या वर्षाअखेर सतरा लाख घ्या. हा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आत-बाहेर. तेच हप्ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह खात्यात, ७.१ टक्क्यांनी एकवीस लाखांच्या जवळ जातात. आणि टॅक्स? नव्या करप्रणालीत तुमच्या पगाराला टॅक्सच लागत नाही. वाचवायचं काय?

सगळ्यात वाईट म्हणजे वर्षाच्या पाच लाखांतला एक लाख तुम्हाला झेपतच नाही. दुसऱ्याच हप्त्याला कार्ड काढावं लागलं. तिसरा तीन महिन्यांवर आलाय. तो भरू नका.

त्याआधी विमा कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ नंतरची, म्हणजे सरेंडरच्या नव्या नियमांतली. पूर्वीइतकी लूट होणार नाही, पण भरलेले दोन लाख पूर्ण मिळतील ही आशा सोडा. समजा निम्मे मिळाले. ते आणि पुढचे आठ हप्ते पीपीएफमध्ये गेले, तरी शेवटी अठरा लाखांच्या आसपास होतात. पॉलिसीचे सतराच. शिवाय पीपीएफमध्ये एखाद्या वर्षी लाखाऐवजी दहा हजार भरले म्हणून कुणी तुमचा गळा धरत नाही. सरेंडरचा आकडा फारच कमी आला तर पेड-अप करून विसरून जा. दहा लाखांच्या विमाछत्राची काळजी असेल तर साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) आधी घ्या, मग ही सोडा.

तुमच्या पत्रासोबतच्या फोटोंपैकी एक मात्र सोन्यासारखा आहे. माहितीपत्रकाच्या मागे मॅनेजरने निळ्या पेनाने लिहिलंय: '५ वर्षे = डबल', खाली दोन रेघा. तो कागद जपा. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत कधीच उलटली, पण फसवून विकल्याची तक्रार करता येते. आधी बँक आणि विमा कंपनी, दोघांच्या तक्रार कक्षाला लेखी. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पैसे मिळतीलच असं नाही, पण हस्ताक्षरातला पुरावा फार थोड्यांकडे असतो. निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका. हप्ता न भरणं पुरेसं आहे.

कार्ड मिटलं की दर महिन्याचे ५,२०० मोकळे होतात. दोन महिन्यांत सायकल रोखीने. घ्यायला जाताना साडी नेसूनच जा आणि दुकानासमोर एक चक्कर मारून बघा. चेनकव्हर पूर्ण हवं, मागच्या चाकाला साडीगार्ड हवा. नसेल तर त्याच भावात बसवून मागा. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय जवळपास सरळ व्हायला हवा, नाहीतर गुडघे आठवड्यात बोलायला लागतील. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवर १२ ऐवजी ५ टक्के आहे, तेव्हा पक्कं बिल मागा आणि त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या.